उर्दू साहित्यातील स्त्रीबोली आणि स्त्रीचे लेखन

साहित्यकृतीत स्त्री बोलते, म्हणून तेथे स्त्रीचेच मनोगत व्यक्त होते असे गृहीत धरता येत नाही. लावणीतील नायिकेचे उद्गार बहुधा पुरुष शाहिरांनी रचलेले आहेत, हे मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. उत्तर हिंदुस्थानातील मुस्लिम समाजाच्या उर्दू साहित्यात हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो. पडद्याच्या प्रथेमुळे जनान्यातील स्त्रियांची बोली, म्हणजेच 'बेगमाती जबान', पुरुषांच्या फारसीप्रचुर उर्दूहून वेगळी राहिली. म्हणी, शपथा, शिव्याशाप आणि लाडिक संबोधने यांनी ती समृद्ध होती. या बोलीचा वापर कोणी आणि कशासाठी केला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

स्त्रीच्या मुखातून बोलणारी कविता सतराव्या शतकात विजापूरच्या हाशमी या कवीने दखनीत लिहिली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सआदत यार खान 'रंगीन' आणि इंशा अल्ला खान 'इंशा' यांनी 'रेख्ती' हा प्रकार लोकप्रिय केला. 'रेख्ता' या शब्दाचे हे स्त्रीलिंगी रूप. रेख्तीने स्त्रियांचा शब्दसंग्रह आणि त्यांच्या परस्परसंबंधांतील मोकळेपणा जतन केला, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि तिचा कवी पुरुष, तसेच मुशायऱ्यातील श्रोताही पुरुषच होता. स्त्रीची बोली येथे प्रामुख्याने रंजनाचे साधन झाली.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांना रेख्ती अश्लील वाटली. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'मिरात-उल-उरूस' (१८६९) या कादंबरीत तीच घरगुती बोली उपदेशासाठी आली. थोरली अकबरी भांडखोर आणि अव्यवहारी, तर धाकटी असगरी सुशिक्षित आणि संसारदक्ष. कादंबरीला सरकारी पारितोषिक मिळाले आणि स्त्रीशिक्षणाच्या प्रसारास तिचे साह्य झाले. मात्र शिक्षणाबरोबर स्त्रीच्या वाणीवर शिस्तही आली. मोकळेपणी बोलणारी अकबरी दोषास्पद ठरली.

याच कादंबरीपासून प्रेरणा घेऊन पाटण्याच्या रशीद-उन-निसा यांनी १८८१ मध्ये 'इस्लाह-उन-निसा' लिहिली. उर्दूतील स्त्रीलिखित पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या निबंधाचाही काळ हाच. ताराबाईंचे पुस्तक त्यांच्या नावाने निघाले. रशीद-उन-निसा यांची कादंबरी मात्र १८९४ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिकेची ओळख मुलाची आई, वडिलांची कन्या, भावाची बहीण अशा नात्यांनीच देण्यात आली. स्त्रीच्या हाती लेखणी आली, पण पुस्तकावर नाव येण्यास पडदा आड आला. पुढे जाहिदा खातून शेरवानी (१८९४-१९२२) या कवयित्रीही केवळ आद्याक्षरांनी लिहीत राहिल्या.

ही स्थिती पालटण्याच्या दृष्टीने डॉ. रशीद जहाँ यांचे लेखन महत्त्वाचे आहे. 'अंगारे' (१९३२) या संग्रहातील चार लेखकांत त्या एकमेव स्त्री होत्या. 'दिल्ली की सैर' या त्यांच्या छोट्या कथेत एक स्त्री मैत्रिणींना आपला अनुभव सांगते. पती तिला दिल्लीच्या फलाटावर सामानाजवळ बसवून मित्राबरोबर निघून जातो, आणि बुरख्याआडून ती भोवतालचे जग पाहत राहते. बोली जनान्यातीलच आहे, श्रोत्याही स्त्रियाच आहेत, परंतु येथे पाहणारी आणि सांगणारी स्त्री स्वतः आहे. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांत सरकारने या संग्रहावर बंदी घातली.

रशीद जहाँ यांना आदर्श मानणाऱ्या इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' ही कथा १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. पतीने उपेक्षिलेल्या बेगमेची ही हकिकत एका लहान मुलीच्या नजरेतून उलगडते. तिच्यावर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला आणि इस्मत निर्दोष ठरल्या. रेख्तीत पुरुषांनी ज्या विषयांवर विनोद केला होता, त्यांपैकीच एक विषय स्त्रीने स्वतःच्या नावाने मांडताच न्यायालयात गेला, ही बाब लक्षणीय आहे. आक्षेपाचे कारण केवळ विषयात शोधून चालणार नाही. तो कोण सांगते, यालाही तेवढेच महत्त्व आहे.

इस्मत यांच्या गद्यात तिखट, मोकळी घरगुती बोली ठायी ठायी आढळते. नजीर अहमद यांनी जिला दोषी ठरविले त्या अकबरीची जीभच जणू येथे प्रतिष्ठा पावते. म्हणून उर्दू साहित्याच्या इतिहासात स्त्रीबोलीचा इतिहास आणि स्त्रीलेखनाचा इतिहास वेगवेगळे अभ्यासावे लागतात. पहिला शतकानुशतके पुरुषांच्या हाती होता. दुसरा स्त्रियांना आपल्या नावासह मिळवावा लागला.