घोडीवरचं इंजिन

प्रीमिअर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. कार्ब्युरेटर, डेल्को, कॉइल आणि बारा व्होल्टची बॅटरी एवढ्यावर ते चालतं. मुंबईच्या टॅक्सी स्टँडवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाली, तरी हौसेनं जपलेल्या पद्मिन्या आहेत आणि त्यांची इंजिनं बोअर करून, क्रँक घासून पुन्हा बांधली जातात. पंचाईत पुढे होते. इंजिन गाडीत चढवलं, रेडिएटर-सायलेन्सर जोडलं, सेल्फ मारला आणि मागून तेल ठिबकायला लागलं, की सगळं पुन्हा उतरवा. मजुरी अंगावर, शिवाय गिऱ्हाइकाची बोलणी. त्यापेक्षा आधी बाहेरच, घरी बनवलेल्या लोखंडी घोडीवर चालवून बघणं स्वस्त पडतं.

घोडीचा सांगाडा हा त्यातला सोपा भाग. चौकोनी पाइप किंवा जाड अँगल, चार कोपऱ्यांना चाकं, पुढे रेडिएटरची चौकट, बाजूला बॅटरीची पेटी. फाउंडेशनची रबरं गाडीतलीच वापरायची. पाया मात्र रुंद हवा. रेस दिली की क्रँक एका दिशेनं उसळी घेतो आणि ब्लॉक उलट्या दिशेनं कलंडू बघतो. अरुंद घोडीची एका बाजूची चाकं त्या झटक्यानं उचलली जातात. म्हणून जाणते लोक चालवताना चाकांवर भरवसा ठेवत नाहीत, खाली स्क्रूचे पाय टेकवतात.

खरी डोकेदुखी मागच्या बाजूला असते. सेल्फ इंजिनवर नसतो, गिअरबॉक्सच्या हाउसिंगवर असतो. गिअरबॉक्स काढला की सेल्फला बसायला जागाच उरत नाही. मग एकतर अख्खा गिअरबॉक्स घोडीवर घ्या, नाहीतर भंगारातलं हाउसिंग आणून मागचा भाग कापून टाका. काही जण जाड पत्र्याची प्लेट बनवतात, पण सेल्फचा दात आणि फ्लायव्हीलची रिंग यांतलं अंतर जरा चुकलं तरी दातांचा चुरा होतो. माझ्या मते भंगारवाल्याकडची चक्कर परवडते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. रबरी फाउंडेशनमुळे इंजिन सांगाड्यापासून तुटलेलं असतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर नुसती सांगाड्याला जोडली, तर सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मिळेल ती वाट धरतो, आणि बहुतेकदा ती वाट म्हणजे एक्सिलरेटरची बारीक केबल. ती तापून लाल होते, तीही पेट्रोल भरलेल्या कार्ब्युरेटरला लागून. जाड वायर थेट ब्लॉकच्या बोल्टला आवळायची. पेट्रोलचा डबा सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, करंट तोडणारं बटण हाताशी आणि आग विझवायचा सिलिंडर भरलेला. बंद शेडमध्ये तर चालवायचंच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नवं बांधलेलं इंजिन लगेच पेटवायचं नसतं. आधी चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, थांबत थांबत सेल्फ मारायचा. ऑइल प्रेशरच्या मीटरचा काटा हलला, की तेल बेअरिंगांपर्यंत पोचलं. मग प्लग लावून इंजिन सुरू करायचं आणि कॅमशाफ्ट नवा असेल तर वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास धरायचं. आयडलिंगवर ठेवणाऱ्यांना वाटतं आपण इंजिनला जपतोय. पण कॅम आणि टॅपेट यांच्यावर तेल येतं ते बरंचसं फिरत्या क्रँकनं उडवलेलं. फेरे कमी, तर तेलही कमी, आणि नवा कॅम तिथेच घासतो.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांनी हा खेळ अवघड केला. अख्खं वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इमोबिलायझरला ओळखीची किल्ली घोडीवर आणावी लागते. किल्ली पटली नाही तर इंजिन सुरूच राहत नाही.

आणि घोडीला डायनमोमीटर समजू नये. इंजिनावर भार टाकून ताकद मोजायची सोय वेगळी. इंग्रज इंजिनिअर विल्यम फ्राउडनं त्यासाठी पाण्याचा ब्रेक १८७७ मध्ये बनवला, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत इंजिनांच्या अशा चाचण्या चालतात. आपली घोडी बिनभाराची. गळती, आवाज, तापमान, ऑइल प्रेशर ती सांगेल. रिंगा बसवण्याचं काम तिचं नाही. रिंगेला सिलिंडरच्या भिंतीवर दाबायला जळत्या वायूचा जोर लागतो, आणि तो चढावर, गाडी ओढतानाच मिळतो. तासन् तास मोकळं चालवलं, तर भिंती गुळगुळीत होऊन तेल पिणारं इंजिन तयार होतं.

त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात बंद करायचं, गार झाल्यावर टॅपेटचं अंतर पुन्हा बघायचं आणि तेल स्वच्छ परातीत काढायचं. त्यात लोहचुंबक फिरवला की लोखंडाचा कीस चिकटतो. थोडा असेल तर काळजी नाही. बेअरिंगच्या धातूला मात्र चुंबक ओढत नाही. त्याची चमकी शोधायला परात उन्हात तिरकी धरावी लागते, आणि ती दिसली तर इंजिन तिथेच, घोडीवरच खोलायचं.