चितेवर काय ठेवावं, घरी काय ठेवावं

 

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, वडिलांच्या चितेवर त्यांची आवडती वस्तू ठेवली तर चालते का?" प्रश्न साधा वाटतो, पण फार जुना आहे. आपल्याच जिल्ह्यात बघा. नागपूरजवळ जुनापाणी आणि माहुरझरीला मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. ही अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी दफनं. प्रा. शां. भा. देव यांनी १९७० नंतर माहुरझरीला उत्खनन केलं, तेव्हा लोखंडी हत्यारं, मणी आणि तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेले घोडेही सापडले. म्हणजे माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये, ही भावना या मातीत पूर्वीपासून आहे.

दहनाच्या परंपरेतही ती दिसते. आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितलंय की घरी यज्ञाचे अग्नी सांभाळणारा माणूस गेला, तर त्याची यज्ञपात्रं त्याच्या अंगावर ठेवावीत. जुहू नावाची पळी उजव्या हातात, दुसरी डाव्या हातात, असं एकेका अवयवावर. ज्या वस्तूंनी त्याने आयुष्यभर काम केलं, त्या त्याच्यासोबत जायच्या.

पण तेच सूत्र पुढे काय म्हणतं? पाटा-वरवंटा मात्र मुलाने घरी ठेवावा. धातूची आणि मातीची भांडीसुद्धा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तात तर मृताच्या हातातलं धनुष्य काढून घेतलं जातं. ते घेणारा म्हणतो की हे आमच्या बळासाठी आहे. तू तिथे, आम्ही इथे. मला हा विचार फार मोठा वाटतो. निरोपात दोन कामं असतात: काही देणं आणि काही परत घेणं. आपण पहिलं करतो, दुसरं विसरतो.

मी स्वतः विसरलो, म्हणून सांगतो. माझी पत्नी गेली तेव्हा कन्हानच्या काठी तिच्या चितेवर मी तिची एक जुनी वही ठेवली. रोज संध्याकाळी ती वही घेऊन बसायची. मला वाटलं, तिची आहे, तिच्यासोबत जाऊ दे. तेरवीच्या दिवशी मुलीने विचारलं, "बाबा, आईची वही कुठे आहे?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. नंतर कळलं, त्या वहीत माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. सुनेने सासूजवळ बसून उतरवून घेतलेल्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या. सूत्रकार पाटा-वरवंटा घरी ठेवायला सांगतो आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मी जात्यावरची गाणी जाळून टाकली. हेतू चांगला होता हो, पण घरात कोणाला विचारलं नाही.

म्हणून पहिला नियम: अग्नीत ठेवलेलं परत येत नाही. ठेवण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा. लेकींना आणि सुनांनाही. वही, पत्रं, फोटो असतील तर मोबाइलवर टिपून घ्या, मग ठरवा. दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू असेल, चांगलं स्वेटर किंवा शिवणयंत्र, तर ती गरजूला देणं हाही निरोपच.

दुसरं व्यवहाराचं. सुती लुगडं, फुलं, लाकडी माळ, कागदावर लिहिलेलं पत्र हे अग्नीला चालतं. नायलॉन-पॉलिएस्टर वितळतं आणि घाण धूर करतं. काचेची बाटली तडकते. मोबाइल, घड्याळ, कानाचं यंत्र यांत बॅटरी असते, ती फुटू शकते. हृदयाचा पेसमेकर असेल तर तो दहनाआधी काढून घ्यावाच लागतो, म्हणून डॉक्टरांना आणि घाटावरच्या माणसांना आधीच सांगा. विद्युत किंवा गॅस दाहिनी असेल तर काय ठेवता येईल ते तिथेच विचारा. आणि उरलेल्या तसबिरी, प्लास्टिकच्या वस्तू नदीत सोडू नका.

काही जण म्हणतात, "सर, आमच्याकडे ठेवण्यासारखं काहीच नाही." वस्तू लागतेच असं नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी महात्मा फुले गेले. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे धरायचं ते मडकं, पुरुषाने धरायची रीत होती. ते सावित्रीबाईंनी धरलं. मडकं साधंच होतं. पण ज्यांनी आयुष्यभर बरोबरीने काम केलं, त्यांच्याच हातात ते होतं. त्या निरोपात दोघांचं सगळं आयुष्य आलं. तुमच्याकडेही असं होऊ शकतं. आजोबा भजनी मंडळात होते, तर त्यांच्या सोबत्यांना खंजिरी घेऊन बोलवा. खंजिरी नंतर नातवाला द्या.

शेवटी एकच सांगतो. हे सगळं तिरडी बांधली जात असताना सुचत नाही. घरातली म्हातारी माणसं बोलती आहेत तोवर विचारा: "आई, तुझं काय सोबत द्यायचं आणि काय आम्ही ठेवायचं?" त्या अशुभ म्हणतील, रागावतील, मग हळूच सांगतील. मी विचारलं असतं, तर वही आज मुलीकडे असती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.