रडर पेडल्स घेताय? आधी त्यांचा तळ बघा

तलासरीच्या घरी सिम्युलेटरवर माझा आवडता मार्ग म्हणजे अहमदाबाद ते जुहू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल आणलं, त्याचा हा शेवटचा टप्पा. त्यांचं पुस मॉथ शेपटीवर टेकणारं. अशी विमानं धावपट्टीवर सरळ ठेवायला पाय लागतातच. साध्या सेसना १७२ चं नाकही टेकऑफला डावीकडे ओढतं, उजवा पाय द्यावा लागतो.

नवखे असाल तर मूठ पिळता येणारी जॉयस्टिक पुरते, खरंच! पेडल्स घ्यायचीच तर डाव्या-उजव्या पंजाचे ब्रेक वेगळे हवेत. सेन्सर हॉल इफेक्टचा असेल तर उत्तम, कारण त्यात घासून झिजणारं काही नसतं.

मी फसलो वजनात. हलकी प्लास्टिकची पेडल्स मागवली. गुळगुळीत टाइल्सवर ब्रेक दाबला की पेडल्स पुढे आणि चाकांची खुर्ची मागे! शेवटी सुताराकडून लांब फळी आणली. एका टोकाला पेडल्स स्क्रूने आवळली, दुसऱ्या टोकावर बिनचाकांची खुर्ची ठेवली. आता माझंच वजन फळी धरून ठेवतं.

म्हणून तळाचा फोटो मागवा, स्क्रूसाठी भोकं आहेत का ते बघा. केबलचं टोकही तपासा. काही पेडल्स थेट यूएसबीला लागत नाहीत, अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.