घरच्या बागेतील नवा वाण

होस्टा ही सावलीत वाढणारी आणि मुख्यतः पानांच्या सौंदर्यासाठी लावली जाणारी बहुवर्षायू वनस्पती होय. तिचे मूळ स्थान जपान, कोरिया व चीन. जपानी लोक तिला गिबोशी म्हणतात. पुलाच्या कठड्याच्या खांबांवर जो कळसासारखा गोलाकार शेंडा बसवितात त्याचेही तेथे हेच नाव आहे आणि होस्टाचा कोवळा फुलोरा काहीसा तसाच दिसतो. १८१२ साली लेओपोल्ड ट्राटिनिक या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने निकोलाउस टोमास होस्ट या समकालीन अभ्यासकाच्या सन्मानार्थ तिला होस्टा हे नाव दिले. हिवाळ्यात पाने सुकून जावीत आणि जमिनीतील गड्डा थंडीत निद्रिस्त राहावा, ही तिची गरज असते. म्हणून भारताच्या उष्ण मैदानी प्रदेशांत ती फारशी रुजलेली नाही. अमेरिकेत आणि यूरोपात मात्र ती घरोघरी आढळते. आज तिचे हजारो वाण नोंदले गेले आहेत आणि त्यांतील कितीतरी वाण हौशी माणसांनी आपल्या परसात पारखलेले आहेत.

परसातील एका रोपाचा मान्यताप्राप्त वाण कसा होतो, हे समजण्यासाठी प्रथम नवेपणा कोठून येतो ते पाहिले पाहिजे. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला बीजाचा. होस्टाचे बहुतेक बागायती वाण संकरज असल्यामुळे त्यांच्या बियांपासून उगवणारी रोपे आईसारखी निघत नाहीत. प्रत्येक रोप थोडेफार निराळे असते. मात्र त्यांतील बहुसंख्य रोपे निराळी असूनही सामान्यच असतात. पट्टेदार पानांची रोपे बीजापासून हवी असतील तर आईची निवड जपून करावी लागते. पानांना हिरवा रंग देणारे हरितकणू संततीला आईकडूनच मिळतात, परागाकडून नव्हे. म्हणून जिच्या पानांवर अनियमित रेषा उमटलेल्या असतात अशीच आई बागवान पसंत करतो.

दुसरा मार्ग कोंबाचा. एखाद्या जुन्या गड्ड्यातून एका वसंतात असा एखादा कोंब वर येतो की त्याची पाने इतर कोंबांहून वेगळी दिसतात. वाढीच्या टोकाशी असलेल्या पेशी थराथरांनी रचलेल्या असतात. त्यांतील एका पेशीत उत्परिवर्तन झाले आणि तिच्या वंशजांनी एक संपूर्ण थर व्यापला, तर एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदू लागतात. अशा वनस्पतीला कायमेरा म्हणतात. बाहेरच्या थरातील पेशी मुख्यतः पानाची कड घडवितात आणि आतल्या थरातील पेशी मधला भाग. म्हणूनच कडेला पिवळा वा पांढरा पट्टा आणि मध्ये हिरवा रंग असे पान तयार होते. आपल्याकडे कुंड्यांतून दिसणारे पिवळ्या किनारीचे सान्सेव्हेरिया हे याचे परिचित उदाहरण होय. त्याच्या पानाचा तुकडा मातीत रोवला तर त्यातून निघणाऱ्या रोपांना किनार नसते. मुळाशी आलेला फुटवा वेगळा काढून लावला तर मात्र किनार कायम राहते. होस्टाचेही तसेच आहे. कोंबातून लाभलेले वैशिष्ट्य टिकवायचे तर गड्डा फोडून, फुटवे वेगळे करूनच त्याची वाढ करावी लागते.

हे थर कधीकधी आपली जागाही बदलतात. 'फ्रान्सी' या पांढऱ्या कडेच्या वाणापासून अधिक रुंद कडेचा 'पॅट्रियट' निघाला. त्याची नोंद १९९१ साली झाली. पुढे 'पॅट्रियट'पासून 'फायर अँड आइस' हा वाण मिळाला. त्यात मध्य पांढरा आणि कड हिरवी अशी उलट रचना आहे. या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते. आज वेगळा दिसणारा कोंब उद्या पुन्हा बदलू शकतो किंवा मूळ रूपाकडे परतूही शकतो. म्हणून तो दिसल्याबरोबर त्याला नाव देणे ही घाई ठरते.

या बाबतीत फ्रान्सेस विल्यम्स यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. उद्यानरचनेचे शिक्षण घेतलेल्या या बाईंना १९३६ साली कनेक्टिकट राज्यातील ब्रिस्टल येथील एका रोपवाटिकेत, होस्टाच्या निळसर पानांच्या रोपांच्या ओळीत, पिवळ्या कडेचे एक रोप दिसले. इतरांच्या नजरेतून सुटलेले ते रोप त्यांनी मॅसेच्युसेट्समधील विंचेस्टर येथील आपल्या बागेत आणून लावले आणि वर्षानुवर्षे जोपासले. पुढे ते ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात पोचले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. त्या १९६९ साली निवर्तल्या, तर या वाणाची रीतसर नोंद व्हायला १९८६ साल उजाडले. एका नजरेत गवसलेल्या रोपामागे असा अर्ध्या शतकाचा काळ उभा आहे. या वाणातही दोष आहेच. कोवळ्या पानांची पिवळी कड उन्हाने सहज करपते. तरीही कित्येक वर्षे तो अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय होस्टांपैकी एक होता.

नव्या रोपाच्या कसोट्या तीन आहेत. ते ज्ञात वाणांहून स्पष्टपणे वेगळे असले पाहिजे. त्याच्यापासून वाढविलेली सर्व रोपे एकसारखी निघाली पाहिजेत. आणि हे गुण वर्षानुवर्षे स्थिर राहिले पाहिजेत. होस्टाला पूर्ण रूप यायला चार-पाच वर्षे लागतात. कोवळ्या रोपाची पाने प्रौढ झाडाच्या पानांसारखी नसतात. म्हणून जाणता बागवान त्या रोपाचे दोन-तीन भाग करून निरनिराळ्या जागी लावतो, शेजारी जवळचे जुने वाण ठेवून तुलना करतो आणि दरवर्षी टिपण ठेवतो.

ही सबुरी निव्वळ शिस्तीसाठी नाही, हे एका रोगाने दाखवून दिले. १९९६ साली मिनेसोटातील संशोधकांनी होस्टाच्या एका विषाणूची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. 'होस्टा विषाणू एक्स' या नावाने तो ओळखला जातो. तो झाला की शिरांच्या कडेने रंग फुटल्यासारखा पसरतो, पानांवर डाग पडतात आणि पानाचा पृष्ठभाग कोठे जाड, कोठे आक्रसलेला दिसतो. ही चिन्हे काहींना अपूर्व चित्रकारी वाटली. 'ब्रेकआउट', 'लेपर्ड फ्रॉग', 'लुनसी' अशी आकर्षक नावे देऊन ती रोपे नवे वाण म्हणून विकली गेली, आणि विक्रीबरोबर रोगही पसरला. या विषाणूवर उपाय नाही. रोगट झाडाचा रस लागलेल्या सुरीने किंवा हाताने तो निरोगी झाडात जातो, आणि लागण झाल्यावर चिन्हे दिसायला कधी महिने, तर कधी वर्षे लागतात. थराच्या बदलातून आलेल्या रंगपट्ट्याची सीमा बहुधा रेखीव असते. विषाणूचा रंग मात्र शिरांना धरून विस्कळीत पसरतो. तरीही केवळ डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. संशयित रोप वेगळे ठेवून त्याची प्रयोगशाळेत परीक्षा करून घेणे आणि प्रत्येक झाडानंतर सुरी निर्जंतुक करणे हाच मार्ग आहे. नवा वाण म्हणून आपण शेजाऱ्याला रोग तर देत नाही ना, हा प्रश्न प्रत्येक शोधकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

रोप कसोटीला उतरले की नाव येते. लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात, पूर्वी दिलेले नाव त्याच प्रजातीत पुन्हा देता येत नाही, आणि १९५९ सालापासून नव्या नावांसाठी लॅटिन शब्द वापरता येत नाहीत. होस्टांची नोंद १९६८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन होस्टा सोसायटीमार्फत होते. अर्जात रोपाचा उगम, उंची, पाने, फुले आणि छायाचित्रे द्यावी लागतात. या नोंदीने मालकी मिळत नाही, फक्त नाव निश्चित होते. विक्रीचा एकाधिकार हवा असेल तर अमेरिकेत १९३० च्या कायद्याखाली पेटंट मागावे लागते. लागवडीच्या जागी सापडलेल्या उत्परिवर्तित रोपालाही ते मिळू शकते, रानात सापडलेल्याला नाही.

भारतीय वाचकाला ही व्यवस्था परकी नाही. बोगनवेलीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंद नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे, आणि बोगनवेलीच्या फांदीवरही अवचित निराळ्या रंगाची फुले येतात. ज्याच्या अंगणात अशी फांदी दिसेल त्याने प्रथम तिचे कलम करावे, दोन-तीन ऋतू ती निरोगी आणि स्थिर राहते का ते पाहावे आणि मगच नावाचा विचार करावा.