सदर सुटतं, टोपणनाव कोणाकडे जातं?

स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या सदरलेखकाने नियतकालिक सोडलं, तर फारसा गुंता होत नाही. तो आपलं नाव घेऊन दुसरीकडे जातो, काही वाचकही त्याच्यामागे जातात. वर्षानुवर्षं टोपणनावाने मतं मांडणारा निघाला की मात्र वाटणीचा प्रश्न येतो. मजकूर त्याने लिहिला, जागा मालकाने दिली आणि वाचक ओळखतो ते तिसऱ्यालाच, म्हणजे त्या नावाला. ते नाव कोणाच्या वाट्याला जावं?

गादी राहते, माणूस बदलतो

लंडनहून निघणाऱ्या 'द इकॉनॉमिस्ट' या 1843 सालच्या साप्ताहिकाने हा प्रश्न मुळातच उद्भवू दिला नाही. तिथे लेखांवर सहसा लेखकाचं नाव नसतं. सदरांना नावं असतात, पण त्या गाद्या आहेत. ब्रिटिश राजकारणावरचं 'बॅजट' हे 1861 ते 1877 या काळातले संपादक वॉल्टर बॅजट यांच्या नावाने चालतं. अमेरिकेवरच्या 'लेक्सिंग्टन'ला 1775 साली स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक जिथे झाली त्या गावाचं नाव आहे, तर युरोपवरचं सदर 'शार्लमेन' सम्राटाच्या नावाचं.

या गाद्यांवर माणसं बदल्या होऊन येतात आणि जातात. डेव्हिड रेनी हे पत्रकार ब्रसेल्सला असताना 'शार्लमेन' होते, लंडनला 'बॅजट', वॉशिंग्टनला 'लेक्सिंग्टन', आणि 2018 पासून बीजिंगमध्ये चहाघराच्या नावाचं 'चागुआन' लिहू लागले. एकाच माणसाची ही चार नावं, आणि त्यांतल्या जुन्या नावांआड आधी-नंतर बसलेली कितीतरी माणसं. एड्रियन वूल्ड्रिज यांनीही 'लेक्सिंग्टन' लिहिलं, उद्योगजगतावरचं 'शुंपीटर' सुरू केलं, पुढे 'बॅजट' सांभाळलं. 2021 साली ते ब्लूमबर्गकडे गेले आणि तिथे स्वतःच्या नावाने लिहू लागले. 'बॅजट' जागच्या जागी राहिला.

मालकाला ही व्यवस्था सोयीची आहे, यात शंका नाही. कोणी गेलं तरी सदराची पत खाली येत नाही. लेखकाची मात्र पंचाईत होते. ज्या नावाने दबदबा कमावला ते दारातच ठेवून जायचं आणि नव्या जागी 'तो मीच' हे पटवून द्यायचं. 'इकॉनॉमिस्ट'मध्ये पायउतार होणाऱ्या संपादकाला निरोपाच्या लेखावर सही करता येते, म्हणजे जाताना का होईना, पडदा थोडा वर होतो.

'डेली एक्स्प्रेस'मधल्या 'बीचकोंबर' सदराची गोष्ट जरा वेगळी. हे नावही 1917 पासून हातोहात फिरत होतं. डी. बी. विंडम लुइस यांनी ते 1924 साली मित्र जे. बी. मॉर्टन यांच्या हवाली केलं. मॉर्टननी ते 1975 पर्यंत सोडलं नाही! न्यायमूर्ती कॉकलकॅरट आणि त्यांच्या कोर्टात धुमाकूळ घालणारे लाल दाढीचे बारा बुटके ही त्यांची करामत. गादी वर्तमानपत्राचीच होती, पण पन्नास वर्षांनी ती मॉर्टनची झाली असंच वाचक धरून चालले.

नाव अंगाला चिकटतं

मराठीत बहुतेकदा नाव लेखकाबरोबर गेलं. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रं लिहिली. पत्रं थांबली, 'प्रभाकर'ही बंद पडला, पण नाव देशमुखांना कायमचं चिकटलं. 'लोकहितवादींचं खरं नाव काय?' हा पुढे शाळेतल्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न झाला.

'ललित' मासिकात 'घटका गेली, पळे गेली' या सदरातून मराठी साहित्यिकांची यथेच्छ टिंगल करणारा 'ठणठणपाळ' म्हणजे जयवंत दळवी. वसंत सरवटे यांनी त्याच्या हाती हातोडा देऊन त्याला चेहरामोहराही दिला. 'चक्र' किंवा 'संध्याछाया' लिहिणारे गंभीर दळवी आणि हा हातोडेवाला एकच, हे कळल्यावरही वाचकांची मजा कमी झाली नाही. हे नाव दुसऱ्या कोणाला देऊन सदर पुढे चालवलं असतं, तर वाचकांनी पहिल्याच अंकात चोरी पकडली असती, असं मला वाटतं.

नेओमी मावशीचा खटला

'ज्यूइश क्रॉनिकल' या लंडनच्या साप्ताहिकात गर्ट्रूड लांडा या मुलांसाठी 'आंट नेओमी' नावाने सदर लिहीत. त्यांचं आणि पत्राचं फाटलं, आणि नाव कोणाचं यावरून प्रकरण कोर्टात गेलं. 1908 सालच्या या 'लांडा विरुद्ध ग्रीनबर्ग' खटल्यात कौल लेखिकेच्या बाजूने लागला. टोपणनाव हे पत्रकाराचं पोटापाण्याचं भांडवल आहे, वेगळा करार नसेल तर ते त्याच्याकडेच राहतं, असं त्यातून ठरलं. लांडांनी 1919 साली ज्यू परीकथांचं पुस्तक काढलं, तेही 'आंट नेओमी' याच नावाने. पुढे 1951 साली 'संडे टाइम्स'मध्ये 'मेरी डिलेन' नावाने लिहिणाऱ्या पत्रकार बाईंच्या खटल्यातही याच धर्तीवर निकाल लागला.

'वेगळा करार नसेल तर' या शब्दांत सगळी मेख आहे. नोकरीच्या कागदावर नाव मालकाचं असं लिहिलं असतं, तर मावशीलाही हात हलवत परतावं लागलं असतं.

आपल्याकडचा कायदा

1957 चा कॉपीराइट कायदा मजकुराबद्दल बोलतो. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत असताना लिहिलेला मजकूर नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, एरवी पहिला हक्क लेखकाचा, करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणून पगारी पत्रकारही आपल्या लेखांचं पुस्तक काढू शकतो. बाहेरून मानधनावर लिहिणाऱ्याचा हक्क त्याहून भक्कम, पण करारावर न वाचता सही केली तर तोही जातो.

टोपणनावाने छापलेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. तेवढ्यात लेखक उघड झाला, तर 60 वर्षं मोजायची ती त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून. तेव्हा पडदा उघडण्यात वारसांचाही फायदा आहे. शिवाय हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार हा कायदा वेगळा राखून ठेवतो.

नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो. ते कोणाचं, हे करारावर आणि बाजारात ते कोणाच्या ओळखीचं झालं आहे यावर ठरतं. त्यामुळे सदर हाती घेतानाच चार गोष्टी कागदावर आणाव्यात: सदर सुटल्यावर टोपणनाव कोण वापरणार, सदराचं शीर्षक पुस्तकाला घेता येईल का, लेखकाने आपली ओळख कधी उघड करायची आणि शेवटचा, निरोपाचा मजकूर छापला जाईल का. सदराबरोबर एखादं ठरलेलं चित्र येत असेल, तर त्याचा हक्क वेगळा मोजला जातो आणि त्यासाठी चित्रकाराशीही बोलावं लागतं.