पगारपत्रकातील एक ओळ

जळगाव-धुळ्याच्या एखाद्या शाळेचे वा कचेरीचे पगारपत्रक पाहावे. वजावटीच्या रकान्यात बहुतेकांच्या नावापुढे व्यवसाय कराचे २०० रुपये असतात. फेब्रुवारीत ते ३०० होतात. वर्षाकाठी २,५०० रुपयांची ही कपात मुकाट्याने सोसली जाते, पण तिचा उगम विस्मरणात गेला आहे. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ साली हा कर बसविण्यात आला. १९७२ च्या दुष्काळात शेतकरीही खडी फोडू लागला, तेव्हा हक्काच्या कामाची निकड साऱ्यांना पटली, वि. स. पागे यांच्या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. नोकरदाराच्या वेतनातून बेकाराच्या हाताला काम, असा तो अलिखित करार होता.

खानदेशाला हे नाते परके नाही. अमळनेरच्या शाळेत शिकविणाऱ्या साने गुरुजींनी पुढे गिरणी कामगारांची बाजू घेतली, तशीच शेतकऱ्यांचीही. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या आदिवासी सालदारांना आणि शेतमजुरांना ना कायम नोकरी होती, ना भविष्यनिर्वाह निधी. अंबरसिंग महाराजांसारखा त्यांच्यातलाच नेता आणि शहरांतून आलेले सुशिक्षित तरुण तेथे खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

आपल्या वर्गणीवर परक्यांचा भार कशाला, असा प्रश्न संघटित नोकरदाराला पडतो. त्याचे उत्तर २०२३ सालाने दिले. मार्चमध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला, तेव्हा निम्म्या पगारावर तेच काम करू, असे म्हणणारे बेरोजगार तरुण पुढे आले. त्याच वर्षी खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला. तरुणांच्या रोषानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. संपकऱ्यांना ज्यांची धास्ती वाटली, त्याच तरुणांच्या रोषाने कायम नोकरीची बाजू राखली. दाराबाहेरची रांग हे वेतन पाडण्याचे सर्वांत स्वस्त हत्यार असते. रांगेतला माणूस आपला झाला की ते हत्यार बोथट होते.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. ते अमलात आणण्याचे बळ मात्र संघटनेतच असते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला आणि कंत्राटी शिपायाला सभासद करून घ्यावे, मागणीपत्रात त्यांची मागणी पहिली लिहावी. कर तर दरमहा कापला जातोच. त्यामागची बांधिलकी मात्र स्वेच्छेनेच द्यावी लागते.