रिपोर्ट नॉर्मल, तरी कंबर आखडलेलीच

जून-जुलैत मासेमारी बंद असते. मढच्या किनाऱ्यावर बोटी ओढून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. समुद्रात राबून दुखणारी कंबर या विश्रांतीत बरी व्हायला हवी. पण समजा, पंचविशीतल्या एखाद्या खलाशाचे दुखणे नेमके याच काळात वाढले तर? पहाटे कंबरदुखीने जाग येते, उठल्यावर तासभर पाठ वाकत नाही आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळी होते. बंदी उठून काम सुरू झाले की उलट बरे वाटते.

कंबरदुखी घरोघरी असते आणि बहुतेक वेळा ती श्रमाची असते. मात्र पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेले, तीन महिन्यांहून अधिक टिकलेले आणि विश्रांतीने वाढणारे दुखणे मणक्यांच्या दाहजन्य संधिवाताचे असू शकते. ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ हा त्याचाच प्रकार. उपचार न झाल्यास मणके एकमेकांना जखडू शकतात.

हा दाह मोजण्यासाठी प्रामुख्याने दोन रक्तचाचण्या होतात. ‘ईएसआर’मध्ये उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते पाहतात. रक्तक्षय, वय आणि गरोदरपण यांमुळेही हा आकडा बदलतो. ‘सीआरपी’ हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. दाह भडकला की ते काही तासांत वाढते आणि शमला की काही दिवसांत उतरते.

अडचण अशी, की या आजारात दुखणे जोरात असतानाही जवळपास निम्म्या रुग्णांचे हे आकडे नॉर्मल येतात. दाह असतो तो सांध्यांच्या आणि हाडाला चिकटलेल्या स्नायुबंधांच्या लहानशा जागी. चुलीत निखारे थोडेच असले तर धूर लांबून दिसत नाही, पण भांडे तापतेच. उलट, साधा संसर्ग किंवा लठ्ठपणा यांमुळेही सीआरपी वाढते आणि दोष पाठीवर जातो.

आकडा उतरला म्हणजे आजार उतरला, असेही नाही. आमवातात उपयोगी पडणारे ‘टोसिलिझुमॅब’ हे औषध या रुग्णांना देऊन पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सीआरपी खाली आले, पण कंबरेचा त्रास काही कमी झाला नाही.

मग चाचण्या निरुपयोगी का? मुळीच नाही. सुरुवातीला ज्यांचे सीआरपी वाढलेले असते, त्यांच्यात ते उपचारांचा परिणाम सांगते. असे रुग्ण ‘टीएनएफ’रोधक इंजेक्शनांना सहसा चांगला प्रतिसाद देतात. त्यांच्या मणक्यांवर नवे हाड चढण्याचा धोकाही जास्त असतो. म्हणून तज्ज्ञ एकट्या आकड्यावर विसंबत नाहीत. पाठदुखी, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, इतर सांध्यांची सूज आणि रुग्णाला एकंदर कसे वाटते, या चार गोष्टी सीआरपीबरोबर एकत्र करून ‘एएसडीएएस’ हा गुणांक काढतात. तो १.३ पेक्षा कमी असेल तर आजार शांत, ३.५ पेक्षा जास्त असेल तर अतिशय सक्रिय. शंका उरलीच तर एमआरआय मदतीला येतो.

‘एचएलए-बी२७’ चाचणीचा मात्र यात गोंधळ नको. तो जन्मजात जनुकीय गुण आहे. तो औषधाने बदलत नाही, त्यामुळे ती चाचणी पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत.

रुग्णांनी एवढे करावे : जुने रिपोर्ट जपून ठेवावेत, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि त्या आठवड्यात ताप-खोकला झाला असल्यास डॉक्टरांना सांगावे. सकाळी पाठ किती मिनिटांत मोकळी होते, हे वहीत लिहावे. डोळा लाल होऊन दुखू लागला तर लगेच दाखवावे. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून औषध किंवा व्यायाम मनाने बंद करू नये. पाठीची तक्रार रक्ताच्या रिपोर्टइतकीच खरी असते.